घरची सायकल आणि घरचीं माणसें

मालवण, आचरें, देवगड, वेंगुर्लें ह्या किनाऱ्यावरील एखाद्या घराच्या पडवींत पाऊल टाकलें असतां नारळांचा ढीग, वाळत घातलेल्या छत्र्या आणि कोपऱ्यांतील घोंगडी यांच्या शेजारीं भिंतीला टेकून उभी असलेली गिअरची सायकल आज अनेकदां दृष्टीस पडते. ती कोण चालवितें असें विचारलें तर घरांतील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. आणली तेव्हां चार दिवस सर्वांनींच चालविली. पुढें थोरल्याचे गुडघे दुखूं लागले, धाकट्याच्या हातांना मुंग्या येऊं लागल्या, सूनबाईंना ती उंच झाली, आणि आजोबांनीं तर एकच फेरी मारून ‘हें आतां आमच्या वयाचें काम नव्हे’ असें म्हणून ती जी भिंतीला टेकविली, ती आजतागायत तेथेंच आहे. ह्या सगळ्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सायकलीला कोणींच दोष दिला नाहीं. प्रत्येकानें तो आपापल्या शरीराला दिला.

आमच्या मतें ही चूक आहे, आणि ती महागांत पडणारी आहे. जी सायकल विनाखर्च व्यायाम देते, मुलीला कोणाच्या सोबतीवांचून शाळेंत आणि ग्रंथालयांत नेते, उतारवयांतील माणसाच्या गुडघ्यांवर अंगाचा सारा भार न टाकतां त्यांस हालचाल देते, ती केवळ चार बोटांच्या मापाच्या चुकीमुळें अडगळींत जावी, ही हानि लहान नव्हे. शिंप्यानें शिवलेला सदरा काखेंत काचला तर आपण आपला दंड कापून घेत नाहीं. सदरा उसवून आणतों. सायकलीच्या बाबतींत मात्र आपण यंत्र जसेंच्या तसें ठेवतों आणि देह त्याच्याशीं जुळवून घ्यावयास पाहतों. देहाला तें जमलें नाहीं कीं त्यालाच नालायक ठरवितों.

येथें वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘आमच्या वेळीं कोठें होतीं हीं मापें? काळी लोखंडी सायकल, पुढें मूल, मागें धान्याचें पोतें, आणि चढ आला कीं उतरून ढकलावयाची!’ शंका रास्त आहे. सन १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ४४ हजार मैलांची मजल मारून १९२८ सालीं परत आले. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखी एकवीस गिअरांची रांग नव्हती. परंतु एकच सायकल घरांतील सात माणसांत फिरवीत ते कांहीं निघाले नव्हते. उलट आजचे कसलेले सायकलस्वार पाहावे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं एकट्यानें, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. असल्या शर्यतींत उतरणारे लोक सीटची उंची मिलिमीटरांत मोजतात. तेव्हां मापाची काळजी घेणें हा नाजूकपणाचा चोचला नसून कष्टाळू माणसाची ती पहिली सोय आहे.

डोंगरांतली सायकल किनाऱ्यावर

आपल्या पडवींत उभी असलेली ही जाड टायरांची सायकल मूळची डोंगरांतली. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यानें त्या डोंगरावरून खालीं सुटत. १९७६ सालीं त्यांनीं अशा उतरणीची शर्यतच सुरू केली. एका उतरणींत मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक खेपेस नवें भरावें लागे, इतका तो उतार तीव्र होता. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें ह्या कामासाठीं मुद्दाम वेगळा सांगाडा तयार केला, आणि १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागल्या.

आमच्या सिंधुदुर्गास ही सायकल परकी वाटण्याचें कारण नाहीं. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सरळ दिसतो. प्रत्यक्षांत प्रत्येक खाडीपाशीं तो उतरतो आणि पलीकडे पुन्हां सड्यावर चढतो. डांबर संपलें कीं जांभ्याची तांबडी माती लागते; तारकर्ली-देवबागेकडे एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्यें वाळू; आणि सावंतवाडीहून पूर्वेस निघालें तर आंबोलीचा घाट थेट सातशें मीटरांच्या आसपास नेऊन सोडतो. जाड टायर, हलके गिअर आणि घट्ट ब्रेक या तिन्ही गोष्टी येथें उपयोगी आहेत. फक्त ही सायकल दुकानांतून येते ती उतारावर झेंपावणाऱ्या तरुणाची बैठक घेऊन. बाजारांतून भाजी आणणाऱ्या, कॉलेजांत जाणाऱ्या किंवा सकाळीं फिरावयास निघणाऱ्या गृहस्थाची बैठक तिला आपण द्यावयाची असते.

घेतांनाच पहिली परीक्षा करावी. सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही पाय टाकून जमिनीवर सपाट उभें राहिलें असतां दांडा आणि आपलें अंग यांत निदान तीन-चार बोटांचें अंतर असावें. तें नसेल तर सांगाडाच मोठा आहे. पुढें कितीहि दुरुस्ती केली तरी तो लहान होत नाहीं. ‘मूल वाढतें आहे, पुढें होईल’ म्हणून मोठी सायकल घेणें हें वाढत्या पायांसाठीं मोठा जोडा घेण्यासारखें आहे. जोड्यांत निदान कापूस तरी घालतां येतो. साडी नेसणाऱ्या अगर लांब झग्याच्या बायकांसाठीं मधला दांडा खालीं वळविलेला सांगाडा मिळतो. तो कमी प्रतीचा समजण्याचें कारण नाहीं. वयस्क पुरुषांनाहि पाय मागून उंच टाकण्यापेक्षां पुढून ओलांडणें सोयीचें असतें.

सीटची उंची

आमच्याच घरांतील हकीकत सांगतों. सायकल घेतली ती एका मोठ्या शहरांतील दुकानांत. दुकानदारानें सीट इतकी खालीं बसवून दिली कीं बसल्या जागीं दोन्ही पाऊलें जमिनीस टेकत. आम्हांस तें फार सुरक्षित वाटलें. त्याच बैठकींत आम्ही एके दिवशीं कसालाहून मालवणपर्यंत आलों, आणि पुढें आठवडाभर जिना उतरतांना भिंत धरीत होतों. गुडघ्याच्या वाटीच्या पुढें असें दुखे कीं सायकल विकून टाकावी असा विचार ठरत आला. शेवटीं पंक्चर काढावयास गेलों असतां बाजारांतील वृद्ध कारागिरानें आमच्याकडे न पाहतां सायकलीकडे पाहिलें आणि म्हटलें, ‘‘भाऊनू, दुखणां गुडघ्याचां नाय, सीटचां आसा.’’ त्यानें सीट चार बोटें वर घेतली. पुढचें दुखणें पंधरवड्यांत गेलें.

त्याच्या बोलण्याचें शास्त्र सोपें आहे. सीट खालीं असली कीं गुडघा पुरता सरळ होत नाहीं. वांकलेल्या गुडघ्यानेंच पायडलावर जोर द्यावा लागतो आणि वाटीचें हाड मांडीच्या हाडावर दाबलें जातें. म्हणून गुडघ्याच्या पुढें दुखलें तर सीट बहुधा खालीं किंवा फार पुढें आहे असें समजावें. गुडघ्याच्या मागची शीर ताणून दुखली, अथवा पायडल मारतांना कंबर डावी-उजवीकडे डुलूं लागली, तर सीट फार वर गेली आहे.

माप घेण्याच्या दोन रीति आहेत. पहिली रीत टाचेची. भिंतीस हात लावून सीटवर बसावें, पायडल अगदीं खालीं आणावें आणि त्यावर टाच ठेवावी. पाय त्या वेळीं सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजीं चवडा पायडलावर ठेवला कीं गुडघ्यांत हवा तेवढाच थोडा बांक आपोआप राहतो. दुसरी रीत टेपाची. अनवाणी पायांनीं भिंतीस पाठ लावून उभें राहावें, दोन मांड्यांच्या मध्यें एखादें जाड पुस्तक वर दाबून आडवें धरावें आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. त्यास ०.८८३ नें गुणलें म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर निघतें. पायाचें माप ७८ सेंटिमीटर असेल तर सीट सुमारें ६९ सेंटिमीटरांवर येईल. हा अंक वेदवाक्य नव्हे. तेथून अर्धा-अर्धा सेंटिमीटर खालींवर करून शरीराचा कौल घ्यावा. नवशिक्यानें प्रथम दोन बोटें खालींच ठेवावी आणि धीर येईल तशी वर न्यावी. योग्य उंचीवर बसलें असतां पाऊल जमिनीस पुरतें टेकणार नाहीं. थांबतांना सीटवरून पुढें उतरून उभें राहावयाचें असतें, हें शिकविणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं सांगावें. तें न सांगितल्यामुळें कित्येक मुली आणि सुना सायकल ‘उंच’ म्हणून सोडतात.

आतां एकत्र कुटुंबाचा खरा प्रश्न. थोरल्या चिरंजीवांच्या पायाचें माप ८२ आणि सूनबाईंचें ७२ असेल तर दोघांच्या सीटच्या उंचींत जवळ जवळ नऊ सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे कर्त्याच्या मापाला लावून ठेवलेली सायकल ही घरांतील एकाचीच सायकल आहे; बाकीच्यांनीं ती फक्त सहन करावयाची. यावर उपाय कांहीं रुपयांचा आहे. सीटच्या दांड्याला पान्यानें आवळण्याच्या कड्याऐवजीं हातानें उघडण्याच्या दांडीचें कडें बसवावें, आणि दांड्यावर प्रत्येक माणसाच्या उंचीला वेगळ्या रंगाची रेघ ओढावी किंवा रंगीत चिकटपट्टी लावावी. सायकल घेणारानें आपल्या रेघेवर सीट आणावी आणि दांडी घट्ट मिटवावी. पाव मिनिटाचें काम आहे. एकच पथ्य: दांड्यावर कारखान्यानें कोरलेली मर्यादेची खूण सांगाड्याच्या बाहेर येतां कामा नये. तेवढी उंची लागत असेल तर दांडाच लांब घ्यावा.

पण रेघा ओढल्यानें दांडा सरकेलच असें मात्र नव्हे. आमच्या किनाऱ्यावर मिठाची हवा लोखंडाला सुखानें राहूं देत नाहीं. सांगाडा लोखंडाचा व दांडा अॅल्युमिनमचा असला, तर खाऱ्या ओलाव्यांत दोन्ही धातु एकमेकांस असे धरून बसतात कीं पुढें हातोड्यानेंहि सुटत नाहींत. मग वर्षापूर्वीं ज्या उंचीला सीट होती तीच सर्वांची नशिबाची उंची ठरते. म्हणून पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां आणि एरवीं दोन-तीन महिन्यांनीं दांडा पुरता बाहेर काढावा, फडक्यानें पुसावा, पातळसें ग्रीस लावून परत घालावा. वाळूवरून फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्यानें धुवावी, कोरडी करावी आणि साखळीस तेलाचे थेंब द्यावे. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून चालविण्यांत मौज आहे खरी, परंतु लाटेंत चाक घालण्याची मौज छर्ऱ्यांना फार महाग पडते.

सीटची रुंदी आणि हातांच्या मुंग्या

सीट मऊ असली म्हणजे सुख होतें, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती अर्धीच खरी आहे. बसतांना देहाचा भार कमरेच्या खालच्या दोन हाडांवर पडला पाहिजे. फार मऊ गादींत हीं हाडें रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. पहिलीं दहा मिनिटें स्वर्ग आणि पुढचा तास शिक्षा! सीटची रुंदी त्या दोन हाडांना पुरेल एवढी असावी. ती घरींच मोजतां येते: कठीण पाटावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित् पुढें वांकून दोन मिनिटें बसावें, उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यांत सुमारें दोन सेंटिमीटर मिळवावे. स्त्रियांचें हें अंतर सामान्यतः अधिक असतें. म्हणून पुरुषांच्या अरुंद सीटवर त्यांना होणारा त्रास हा सवयीचा प्रश्न नसून हाडांचा आहे. ताठ बसून चालविणारास रुंद व स्प्रिंगची सीट मानवते, पुढें वांकून चालविणारास अरुंद. सीट प्रथम पाण्याच्या पातळीसारखी सपाट ठेवावी. पुढें दाब वाटला तर टोंक केंसभर खालीं करावें. फार खालीं केलें तर माणूस पुढें घसरतो आणि सारा भार हातांवर येतो.

हातांच्या मुंग्यांचें मूळ तेथेंच सांपडतें. करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्यांतून जाणारी शीर दबत आहे. अंगठा आणि पुढचीं दोन बोटें बधिर होत असतील तर मनगटाच्या मधली. दोन्ही ठिकाणीं कारण बहुधा एकच: हँडल फार दूर, फार खालीं किंवा मनगट वांकलेलें. हँडल धरणारी मान आंखूड व वर वळलेली मिळते. ती बसविल्यानें अंग ताठ होतें आणि भार सीटकडे जातो. हँडल खांद्यांच्या रुंदीहून थोडेंच अधिक असावें. ब्रेकची दांडी अशी कलती फिरवावी कीं बोटें तिच्यावर ठेवली असतां कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेंत येईल. लहान हातांच्या मुलांस व बायकांस ब्रेक पोंचत नाहीं अशी तक्रार असते. दांडीच्या बुडाशीं बहुधा एक लहान स्क्रू असतो, तो आंत फिरविला कीं दांडी जवळ येते. हा स्क्रू सहसा कोणी फिरवीत नाहीं. ज्याला ब्रेक नीट पोंचत नाहीं त्याला उताराची भीति वाटणारच, आणि ती भीति अगदीं शहाणपणाची असते! पातळ गादीचे हातमोजे, दंडगोल मुठींऐवजीं तळव्याला आधार देणाऱ्या चपट्या मुठी आणि दर दहा मिनिटांनीं पकड बदलणें, यांनीं उरलेला त्रास जातो. इतकें करूनहि बधिरता दोन-दोन दिवस टिकत असेल तर वैद्यास दाखवावें.

टायर, चिमटा आणि गिअर

दुकानांतून हवा मारून घेतांना ‘अगदीं दगड करून दे’ असें सांगण्याची आपली जुनी खोड आहे. अरुंद टायरांना तें शोभत होतें. दोन इंच रुंदीच्या टायरांत दगडासारखी हवा भरली कीं जांभ्याच्या रस्त्याचा एकेक खडा मनगटांत आणि कमरेंत वाजतो. साठ किलो वजनाच्या माणसासाठीं पुढें ३० आणि मागें ३५ पौंडांच्या आसपास हवा कच्च्या रस्त्यास पुरते. डांबरावर थोडी अधिक, वाळूवर कमी. वजन अधिक असेल तर हवा अधिक. मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आंत राहावें. फार कमी केली तर खळग्यांत ट्यूब चाकाच्या कडेवर चेंगरून दोन भोंकें पडतात. घरांत मोजमापाचा पंप ठेवला तर हा खेळ मुलेंहि आनंदानें करतात.

पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग असलेली सायकल सर्वांना हवीशी वाटते. ती चांगली कीं वाईट हें तिच्या बसण्यावर ठरतें. नुसतें अंग टाकून बसलें असतां चिमटा आपल्या एकूण चालीच्या पांचवा ते चौथा हिस्सा दबावा. चिमट्याच्या पायाला दोरा बांधून तो किती सरकला हें पाहावें. मुळींच दबत नसेल तर ती स्प्रिंग नसून नुसतें ओझें आहे. डांबरी रस्त्यानेंच जावयाचें असेल, तर आमच्या मतें स्वस्त स्प्रिंगच्या जड चिमट्यापेक्षां साधा चिमटा आणि योग्य हवेचे जाड टायर अधिक सुख देतात.

गिअरांविषयीं दोनच शब्द. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला साधारणतः ४४ आणि मागच्याला १८ दांते असत. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक जवळ जवळ अडीच वेळां फिरे. खाडीवरच्या चढणीला म्हणूनच उतरावें लागे. पुढें २४ आणि मागें ३४ असा जोड असला तर तेंच चाक पाऊण फेऱ्याहूनहि कमी फिरतें, आणि पासष्ट वर्षांचा माणूसहि न उतरतां हळूहळू चढ संपवूं शकतो. हलका गिअर घेण्यांत कमीपणा नाहीं. पाय मिनिटास सत्तर-ऐंशी फेरे सहज फिरत राहावे आणि त्या मानानें गिअर बदलावा. जोराचें काम फुप्फुसांनीं करावें, गुडघ्यांनीं नव्हे.

अंगावरचें कापड

घाम येतो तो वाळण्यासाठीं; वाळला तरच अंग निवतें. आमच्या किनाऱ्यावरची हवाच इतकी ओली कीं घाम वाळत नाहीं, नुसता वाहतो. म्हणून देशावरच्या सायकलस्वाराचे नियम येथें तसेच्या तसे लागूं पडत नाहींत. अर्ध्या तासाच्या फेरीस सैल सुती सदरा उत्तम. दोन तासांच्या मजलेस मात्र सुती कापड घाम पिऊन जड होतें, अंगास चिकटतें आणि त्याची ओली शिवण मांडीस घासते. तेथें पातळ, जाळीदार कृत्रिम धाग्याचें कापड बरें. गादीची चड्डी घातली तर तिच्या आंत दुसरें वस्त्र घालूं नये, कारण घासतें तें त्या वस्त्राच्या शिवणीनेंच. बाहेरून सैल सलवार किंवा विजार घातली कीं संकोचाचें कारण राहत नाहीं. ही चड्डी प्रत्येक वेळीं धुऊन पुरती वाळवावी; पावसाळ्यांत अर्धवट वाळलेली घालणें म्हणजे गजकर्णास आमंत्रण देणें होय. हा विषय घरांत मोकळेपणानें बोलला जात नाहीं. मुली ‘कंटाळा आला’ म्हणून सायकल सोडतात. खरें कारण त्या कोणास सांगत नाहींत. निदान आईनें किंवा काकूनें तरी तें विचारावें.

पेहरावाच्या बाबतींत एक गंमत आहे. ज्या नऊवारी लुगड्याला आपण जुनें म्हणतों, त्याचा काष्टा सायकलीस पांचवारीहून कितीतरी सोयीचा आहे, कारण दोन्ही पाय मोकळे राहतात आणि सोगा लोंबत नाहीं. पांचवारी नेसून सायकल चालवावयाची तर मागच्या चाकावर जाळी आणि साखळीवर पुरतें झांकण हवेंच. ह्या सायकलीबरोबर तीं येत नाहींत, मुद्दाम बसवून घ्यावीं लागतात. ओढणीविषयीं मात्र थट्टा नाहीं. ती चाकांत गेली तर क्षणांत गळ्यास फांस बसतो. ती घरीं ठेवावी, नाहींतर कमरेस घट्ट बांधावी. पायांत सपाट, कठीण तळाचा बूट असावा. ओली चप्पल पायडलावरून निसटते. शिरस्त्राण कपाळावर भुंवयांच्या दोन बोटें वर यावें आणि हनुवटीखालीं एक बोट जाईल इतकाच पट्टा सैल असावा. उंच अंबाड्यावर तें बसत नाहीं, खालची वेणी बरी.

राहिला पाऊस. वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडणाऱ्या ह्या जिल्ह्यांत जून ते सप्टेंबर सायकल बांधून ठेवणें म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा सोडून देणें. बंद रेनकोट घालून चढ चढलें तर बाहेरचें पाणी अडतें आणि आंतल्या घामानें माणूस तितकाच भिजतो. आमच्या शेतांत लावणी करणाऱ्या बायकांचें इरलें पाहावें: डोकें आणि पाठ झांकलेली, पुढून आणि खालून वारा मोकळा. सायकलीसाठीं मिळणारी सैल झूल त्याच तत्त्वाची आहे. ती हँडलवर ओढून घेतां येते आणि खालून हवा खेळते. वादळी वाऱ्यांत मात्र तिचें शीड होतें, तेव्हां उतरावें. एका हातांत छत्री धरून चालविणें तर सोडूनच द्यावें. दोन्ही चाकांस लांब मडगार्ड अवश्य बसवावे; त्यांवांचून जांभ्याच्या तांबड्या चिखलाची रेघ मानेपर्यंत उमटते, आणि तो डाग धुणाराच्या हातांचीं सालें काढूनहि जात नाहीं. पहिल्या पावसाआधीं ब्रेकचे गुटके तपासावे, कारण तांबडी रेती त्यांस कानशीसारखी झिजविते.

इतकीं सगळीं मापें एका दिवसांत घ्यावयाचीं नाहींत. येत्या रविवारीं सकाळीं सायकल पडवींतून खळ्यांत काढावी, टेप आणि एक जाड पुस्तक आणावें आणि घरांतील प्रत्येकाचें, आजोबांसकट, पायाचें माप घ्यावें. सीटचा दांडा निघतो कीं नाहीं तें पाहावें. निघत नसेल तर तेंच पहिलें काम. एका वेळीं एकच बदल करावा आणि चार दिवस त्याचा अनुभव घ्यावा. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानें गुण आला तें कळत नाहीं.

आमच्या सायकलीच्या दांड्यावर आतां पांच रेघा आहेत. सर्वांत खालची हिरवी रेघ वहिनींची. तीन वर्षें त्यांना सायकल ‘उंच’ होती. हल्लीं त्या रोज पहांटे मेढ्यापासून चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत फेरी मारून चहाच्या वेळेस परत येतात. सकाळीं सायकल घ्यावयास गेलें कीं आम्ही आधीं दांडा पाहतों. गेले कित्येक दिवस तो हिरव्या रेघेवरच असतो. आपली रेघ आपण वर करून घ्यावी लागते.